स्वनिधीतील सॉफ्टवेअर उद्योग : अदृश्य भांडवल

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधील अभियंता नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढतो, तेव्हा सोडलेला पगार हीच त्याची पहिली गुंतवणूक असते. हिशेबवहीत मात्र ती दिसत नाही. खरगपूर आयआयटीत शिकलेले डॉ. आनंद देशपांडे अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्डची नोकरी सोडून परतले आणि १९९० मध्ये त्यांनी पुण्यात ‘पर्सिस्टंट’ स्थापन केली. सार्वजनिक भागविक्री झाली ती २०१० मध्ये. या उद्योगास यंत्रसामग्री थोडी लागते. परंतु वेतन दरमहा द्यावे लागते आणि ग्राहकाकडील रक्कम विलंबाने येते. या अंतरात अनेक उद्योग बुडतात. म्हणून वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवावा, आगाऊ रक्कम देणारा ग्राहक मिळवावा. राजीनामा त्यानंतर द्यावा.