आधी वॅट विचार, मग वेग

हातात धरून खेळायचा संगणक घ्यायचं तू ठरवलंस, पैसेही साठवलेस, आणि आता कुठला घेऊ म्हणून आत्याला विचारतोस. माझी सगळी नोकरी वीज मोजायची उपकरणं तपासण्यात गेली, तेव्हा त्या बाजूने सांगते. दुकानदार तुला प्रोसेसरचं नाव सांगेल, कुठल्या गेमला किती फ्रेम मिळतात तेही सांगेल. तू त्याला एवढंच विचार, हा वेग किती वॅटवर मिळतो?

या एका प्रश्नात जवळजवळ सगळं येतं. चिपला लागणारी वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वरच्या टप्प्यात वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. समज, वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही २० टक्के वाढवावं लागलं. १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ करून बघ, उत्तर १.७३ येतं. म्हणजे वेग मिळाला पाचवा हिस्सा जास्त आणि वीज गेली जवळपास पाऊणपट जास्त. प्रत्येक चिपचं नेमकं प्रमाण वेगळं असतं, पण चढ असाच, खाली सपाट आणि वर उभा. स्कूटर पन्नासवरून ऐंशीवर नेली की पेट्रोलचा काटा कसा खाली जातो ते तुला ठाऊक आहे, इथेही तसंच होतं. म्हणून परीक्षणं वाचताना २५ किंवा ३० वॅटचे रकाने सोडून दे. १० आणि १५ वॅटवर कोण पुढे आहे ते बघ. चार्जर नसताना तुझा संगणक बहुतेक वेळ तिथेच चालणार आहे.

आता बॅटरी. जाहिरातीत एमएएच लिहितात, त्यावर तुलना करू नकोस. फोनची ५००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॅट-अवरची असते. स्टीम डेक या हातातल्या संगणकाच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी सुमारे ५२०० एमएएचची, आकडा जवळपास तोच, पण ती भरते ४० वॅट-अवर, कारण तिचं व्होल्टेज दुप्पट आहे. खरं माप वॅट-अवर. त्याला एकूण वापराच्या वॅटने भागलं की तास निघतात.

एकूण वापर म्हणजे नुसती चिप नव्हे. पडदा, मेमरी, वायफाय, पंखा, स्पीकर हे सगळे मिळून आणखी सहा ते दहा वॅट खातात असं ढोबळ धर. चिप २५ वॅटवर असली तर एकूण ३५, आणि ४० वॅट-अवरची बॅटरी सव्वा तासही पुरत नाही. चिप १५ वर आणली तर पावणेदोन तास मिळतात. १० वर आणली तर दोन-अडीच तास. स्टीम डेकच्या कंपनीने स्वतःच पहिल्या मॉडेलला २ ते ८ तास असा पल्ला सांगितला होता. त्यातला २ चा आकडा जड गेमचा आणि ८ चा हलक्याफुलक्या गेमचा. तू कुठले गेम खेळतोस ते तुलाच माहीत, पण जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यावर घराबाहेरचा बेत आखू नकोस.

या बाबतीत एक उदाहरण मला फार पटतं. २०२३ साली आलेल्या आरओजी अ‍ॅलायमध्ये ४० वॅट-अवरची बॅटरी होती. दुसऱ्या वर्षी अ‍ॅलायच्याच कंपनीने अ‍ॅलाय एक्स आणला. त्यात आधीच्या वरच्या मॉडेलचीच चिप ठेवली आणि बॅटरी थेट ८० वॅट-अवरची केली. वजन ६०८ ग्रॅमवरून ६७८ वर गेलं, सत्तर ग्रॅम वाढले. कंपनीला वर्षभरात जे कळलं ते तू पैसे देण्याआधीच ओळख. या जातीच्या यंत्रात वेगाची उणीव पहिल्यांदा जाणवत नाही, तासांची जाणवते.

जुन्या काळीही हेच झालं. १९८९ साली निन्टेंडोचा गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, मागे प्रकाश नाही, रंग नाहीत. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी जुनी, स्वस्त आणि कमी वीज खाणारी तंत्रं मुद्दाम निवडली होती. चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांच्या पुष्कळ पुढे जाई. सेगाचा गेम गिअर रंगीत होता, झगझगीत होता, आणि सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले, गेम गिअर सुमारे एक कोटी. खपामागे गेमचीही बाजू होती हे मान्य, पण सेल सारखे विकत आणायला लागणं आईबापांना परवडत नव्हतं हेही तितकंच खरं.

पडद्याचं सांगते. सात इंचाच्या पडद्यावर १२८० गुणिले ८०० म्हणजे सुमारे दहा लाख ठिपके होतात. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांवर जातात. लीजन गो नावाच्या यंत्राचा पडदा २५६० गुणिले १६०० आहे, म्हणजे चाळीस लाख, आणि बॅटरी ४९ वॅट-अवरची. प्रत्येक ठिपका दर फ्रेमला रंगवायचा असतो आणि ते काम वीज खातं. हातभर अंतरावरून सात-आठ इंचांत तुला एवढा बारकावा दिसणार नाही. मोठा आकडा असलेला घेतलास तरी गेममध्ये रिझोल्यूशन उतरवायला शिक.

फ्रेमचंही असंच. मर्यादा घातली नाही तर यंत्र जमेल तेवढ्या फ्रेम काढत राहतं आणि बॅटरी रिकामी करतं. साठवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, तीसवर ३३.३. चाळीसवर बरोबर २५, म्हणजे नेमकं मध्यावर. डोळ्याला चाळीस हे तिसापेक्षा बरंच सफाईदार वाटतं आणि वीज मात्र साठाहून पुष्कळ कमी लागते. म्हणून पडद्याचा रिफ्रेश रेट ४० वर आणता येतो का, किंवा तो फ्रेमप्रमाणे आपोआप बदलतो का, हे विकत घेण्याआधी विचारून घे. मी तर म्हणेन, थोडी कमी ताकदीची चिप चालेल, पण ही सोय हवीच.

तू पुण्याहून नागपूरला रात्रीच्या गाडीने येतोस. डब्यातले चार्जिंगचे प्लग रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवायचे असा रेल्वेचा नियम आहे, पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये तो कडकपणे लागू केला. कुठल्याही गाडीत तेच गृहीत धर. पॉवर बँक घेणार असशील तर तिथेही वॅट-अवर काढ. २०,००० एमएएच म्हणजे ७४, आणि रूपांतरात जाणारी वीज वजा केली की साठाच्या आसपास हाती येतात. त्यात ४० ची बॅटरी एकदा भरून थोडं उरेल, ८० ची पूर्ण भरणार नाही. पॉवर बँकेचा आउटपुट ४५ वॅटचा असू दे. फोनसाठीची १८ वॅटची लावलीस तर जड गेम चालू असताना टक्के खालीच उतरत राहतील. विमानात ती हातातल्या सामानातच न्यायची, आणि १०० वॅट-अवरपर्यंतचीच विनापरवानगी चालते.

मे महिन्यातल्या नागपूरबद्दल मात्र मला खरंच काळजी वाटते. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णता खाते, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापली तर जास्त खाते. दुपारी बंद गाडीत ठेवू नकोस, उशीवर किंवा गोधडीवर ठेवून खेळू नकोस, पंख्याची जाळी मोकळी राहू दे. घरी प्लगला लावूनच खेळत असशील तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग लाव. अशा यंत्रांत बॅटरी बदलणं सोपं नसतं, स्टीम डेकच्या पहिल्या मॉडेलमध्ये तर ती घट्ट चिकटवलेलीच होती.

झोपेची परीक्षाही घे. खेळता खेळता बटण दाबून बॅगेत टाकलं आणि सकाळी काढलं तर किती टक्के उतरले? स्टीम डेकवरची स्टीम ओएस हे काम चांगलं करते. विंडोजवरची काही यंत्रं बॅगेतच जागी होतात, तापतात आणि बॅटरी संपवून बसतात.

वजन हातात घेऊनच कळेल. साठवण नंतर कार्ड घालून वाढवता येते, तिच्यासाठी आत्ता जास्त पैसे देऊ नकोस. बॅटरी तशी वाढवता येत नाही. परदेशातून आणून विकलेलं यंत्र स्वस्त मिळालं तरी दुरुस्ती इथे कोण करणार हे लेखी घे. स्टीम डेक २०२२ मध्ये आला तेव्हा भारतात त्याची अधिकृत विक्रीच नव्हती आणि लोक असाच आणलेला घेत होते.

आणि दुकानात एक गोष्ट नक्की कर. शोकेसमधलं यंत्र चार्जरला लावलेलं असतं. अ‍ॅलायसारखी यंत्रं प्लगवर ३० वॅटपर्यंत चढतात, बॅटरीवर २५ वरच थांबतात, त्यामुळे तिथे दिसलेला वेग गाडीत मिळत नाही. चार्जर काढायला सांग. चिप १५ वॅटवर लाव, तुझा नेहमीचा गेम सुरू कर, उजेड तुला लागतो तेवढा ठेव आणि अर्धा तास खेळ. पंधराहून जास्त टक्के उतरले तर साडेतीन तासांच्या आत ते बंद पडणार. तेवढ्यात तुझं भागत असेल तर घे, नाहीतर जास्त वॅट-अवरचं मॉडेल दाखवायला सांग.