जुन्या जीपचे ब्रेक

(गाडी पळवणारा चालक कौतुकास पात्र ठरतो, पण गाडी वेळेवर थांबवणारी यंत्रणा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. जुन्या जीपचे ब्रेक कसे काम करतात आणि त्यांची निगा कशी राखतात, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना प्रत्येक कृतीमागचे कारण लक्षात घ्या.)

मुलांनो, तुम्ही जीप पाहिलीच असेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी ही गाडी तयार झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली. पुढे ती शेतात, जंगलात आणि घाटात सगळीकडे दिसू लागली. कोणी तिच्या मागे हौदा बसवून तिची पिकअप केली आणि तीतून भाजीपाला, खते व पाण्याची पिंपे वाहिली. आज अशा जुन्या जीपगाड्या हौशी लोक जपून ठेवतात. त्यांचा रंग चकचकीत असतो, इंजिनही सुरेल चालते. पण ब्रेक नीट नसतील तर या सगळ्याचा काय उपयोग?

ब्रेकचे काम किती कठीण आहे, ते आधी पाहू. सुमारे १००० किलोग्रॅम वस्तुमानाची जीप ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात ५०,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर ऊर्जा दुप्पट होत नाही. ती चौपट, म्हणजे २,००,००० ज्यूल होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकला काही सेकंदांत उष्णतेत बदलायची असते. म्हणूनच घाट उतरल्यावर चाकाजवळ हात नेला तर चटका बसतो.

या जीपच्या प्रत्येक चाकात बिडाचा एक गोल डबा असतो. त्याला ड्रम म्हणतात. विलीज जीपच्या ड्रमचा व्यास ९ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर असतो. ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात. ते फिरत नाहीत. त्यांच्या बाहेरच्या बाजूस लायनर बसवलेले असते. दोन्ही शूंच्या वरच्या टोकांमध्ये एक लहान सिलिंडर असतो. चालकाने पायाने पेडल दाबले, की मुख्य सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून या सिलिंडरकडे ढकलला जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम तुम्हांला माहीत आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. त्या दाबाने शू बाहेर फाकतात, लायनर ड्रमला घासते आणि चाक थांबते. पाय काढला, की स्प्रिंगा शूंना पुन्हा आत ओढतात.

यात एक गंमत आहे. गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच अधिक घट्ट ओढून घेतो. त्यामुळे पुढच्या शूवर जास्त काम पडते. म्हणून या जीपमध्ये पुढच्या शूचे लायनर लांब आणि मागच्या शूचे आखूड असते. शूंची अदलाबदल झाली, तर ब्रेक पूर्ववत लागत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. हे काम कुशल कारागिराच्या देखरेखीखालीच करावे. गॅरेजमधला उस्ताद प्रथम जीप सपाट जमिनीवर उभी करतो आणि जी चाके उचलायची नाहीत, त्यांच्या पुढे-मागे ठोकळे लावतो. केवळ हँडब्रेकवर तो विसंबत नाही. याचे कारण आहे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून इंजिनाची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्यावर असतो. मागचे एकच चाक उचलले, तर ते हवेत मोकळे फिरू शकते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घसरते! म्हणून ठोकळे हवेतच. तसेच, केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी भक्कम घोडीवर टेकवावी. आणखी एक गोष्ट. पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस नट सैल करण्याऐवजी आणखी आवळतो आणि शेवटी बोल्ट तोडतो.

चाक काढून ड्रम बाजूला केला, की आत काळी भुकटी दिसते. ती तोंडाने किंवा हवेच्या पाइपने कधीही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि त्यांमुळे कर्करोगही होऊ शकतो. भुकटी ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. अनेक कारागिरांनी वर्षानुवर्षे ही धूळ नकळत पोटात घेतली. आपल्याला ते कळले आहे, म्हणून आपण सावध राहिले पाहिजे.

दोन्ही बाजूंचे शू एकाच वेळी कधी सोडू नयेत. एक बाजू उघडावी आणि दुसरी तशीच ठेवावी. कोणती स्प्रिंग कुठे होती, याचा विसर पडला, तर दुसरे चाक नमुन्यासारखे उपयोगी पडते. ड्रम काढलेला असताना पेडल दाबू नये. नाहीतर सिलिंडरमधील पिस्टन बाहेर निघून येतात.

आता नीट तपासणी करावी. लायनर झिजून रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आले असेल, तर ते बदलावे. नाहीतर रिव्हेट ड्रमवर चर पाडतात. लायनरला तेल किंवा ग्रीस लागले असेल, तर ते पुसून भागत नाही. आधी तेल कोठून गळते ते शोधून सील बदलावे आणि मग नवे लायनर बसवावे. लायनर नेहमी दोन्ही बाजूंच्या चाकांना एकाच वेळी बदलावे. एका बाजूस नवे व दुसऱ्या बाजूस जुने असेल, तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते.

चाकाच्या सिलिंडरचे रबरी टोपण हळूच उचलून पाहावे. आत ओल असेल, तर द्रव गळत आहे, असे समजावे. ही बाब किरकोळ नाही. या जुन्या जीपमध्ये चारही चाकांसाठी द्रवाची एकच वाट असते. एका चाकाकडे गळती झाली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. नंतरच्या काळात मोटारगाड्यांना दोन वेगवेगळ्या वाटा देण्यात आल्या, त्या याच धोक्यामुळे.

या द्रवाला गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. पण नावावर जाऊ नका! त्यात इंजिनाचे तेल, रॉकेल किंवा पेट्रोल चुकूनही पडता कामा नये. त्यामुळे आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतात. ब्रेकचा हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. नेहमीच्या ‘डॉट ३’ प्रतीचा कोरडा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी तोच आकडा १४० अंश आहे. लांब घाट उतरताना द्रव उकळला, तर नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. म्हणून द्रव ठरावीक काळाने बदलावा आणि डब्याचे झाकण घट्ट लावावे.

सर्व भाग बसवले, की शू जुळवायचे. चाकामागच्या पत्र्यावर प्रत्येक शूसाठी एक बोल्ट असतो. चाक हाताने फिरवत तो बोल्ट वळवावा. शू ड्रमला घासू लागला, की चाक मोकळे फिरेपर्यंत बोल्ट थोडा उलटा वळवावा. पेडलला वर सुमारे अर्धा इंच मोकळी चाल असावी. ती नसेल, तर द्रव परत येत नाही आणि ब्रेक लागलेलेच राहतात.

शेवटचे काम म्हणजे ‘एअर काढणे’. द्रव दाबला जात नाही. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवा राहिली, तर पेडल स्पंजासारखे लागते. या कामाला दोन माणसे लागतात. मुख्य सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. सिलिंडरच्या स्क्रूला रबरी नळी लावून तिचे दुसरे टोक थोडा द्रव भरलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल हळूहळू दाबावे. दुसऱ्याने स्क्रू सैल करावा आणि पेडल वर येण्यापूर्वी पुन्हा आवळावा. बुडबुडे थांबेपर्यंत असे करत राहावे. मधूनमधून टाकीत नवा द्रव भरावा. बाटलीत निघालेला द्रव पुन्हा वापरू नये.

यानंतर पेडल जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे. पेडल घट्ट राहिले, तरच मोकळ्या मैदानावर अगदी सावकाश गाडी चालवून पाहावी.

मुलांनो, हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. रंगाचे कौतुक होते, ब्रेकचे होत नाही. पण अचानक रस्त्यावर एखादे मूल धावत आले, तर त्याचा जीव त्या कारागिराच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो. आवळलेला प्रत्येक नट पुन्हा एकदा तपासणारा माणूस न पाहिलेल्या लोकांचे रक्षण करत असतो.

शब्दार्थ
निगा – देखभाल
हौदा – सामान ठेवण्याचा मागचा मोकळा भाग
बीड – एक प्रकारचे कठीण, ओतीव लोखंड
आटे – नट-बोल्टवरील वळणावळणाच्या खाचा
घोडी – गाडी टेकवण्याचा भक्कम आधार
विसंबणे – भरवसा ठेवून निश्चिंत राहणे
दंडक – नियम

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ड्रममध्ये किती शू असतात?
(आ) ब्रेकमधली भुकटी तोंडाने का उडवू नये?
(इ) वेग दुप्पट झाल्यास गाडीची गतिज ऊर्जा किती पट होते?

२. कारणे लिहा.
(अ) हँडब्रेक ओढलेला असूनही चाकांना ठोकळे लावावे लागतात.
(आ) एका बाजूचे शू काढताना दुसरी बाजू उघडू नये.

३. ‘एअर काढणे’ ही कृती क्रमाने पाच वाक्यांत लिहा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
विसंबणे, निकामी होणे, नजरेत भरणे

५. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. तो कामाच्या वेळी कोणती काळजी घेतो, ते विचारून आठ ओळींत लिहा.