ऑक्टोबरचं बेसबॉल आणि एम-थ्रीचा राहून गेलेला धडा

एम-थ्रीला प्रॉबॅबिलिटीचं युनिट ऑप्शनला टाकणारे आपल्या हॉस्टेलमध्ये किती जण आहेत, हे मी विचारणार नाही. कारण विद्यार्थी असताना मीही त्यातलाच होतो. आता इथे शिकवतो आणि हॉस्टेलचं कामही बघतो, त्यामुळे हे छापून सांगायला जरा लाज वाटते. पण ते युनिट मला शेवटी शिकवलं ते बेसबॉलने. तेही न खेळता, नुसती टीम निवडून.

२०२२ ते २०२४ मी अमेरिकेत एम. एस. करत होतो. आमच्या लॅबमध्ये आठ जण. ऑक्टोबर आला की सगळ्यांचे डोळे स्क्रीनवरच्या सिम्युलेशनपेक्षा कोपऱ्यातल्या स्कोअरकडे जास्त. बेसबॉलच्या मुख्य सीझनमध्ये ३० संघ प्रत्येकी १६२ सामने खेळतात. ते सप्टेंबरच्या शेवटी संपतात आणि मग प्लेऑफ सुरू होतात. त्या प्लेऑफसाठी लॅबची फँटसी लीग असायची.

फँटसी म्हणजे काय ते आयपीएलमुळे तुम्हाला सांगायला नको. कागदावर टीम करायची, खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. पण ही कल्पना कुठल्या कंपनीची नव्हे, मास्तर लोकांची आहे हे मला तिकडे गेल्यावर कळलं. १९६० साली हार्वर्डमध्ये विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर असा खेळ सुरू केला आणि त्याला चक्क 'बेसबॉल सेमिनार' म्हटलं. पुढे ते मिशिगन विद्यापीठात गेले. तिथले प्राध्यापक रॉबर्ट स्क्लार त्यात सामील झाले. त्यांच्याकडून ते त्यांच्या विद्यार्थ्याच्या, डॅनियल ओक्रेंटच्या कानावर गेलं. ओक्रेंटने १९८० मध्ये न्यूयॉर्कला मित्रांची लीग काढली. ज्या हॉटेलात मंडळी जमायची त्याच्या नावावरून तिला 'रोटिसरी' लीग म्हणू लागले.

आमचे नियम आणि माझी टीम

आमची लीग साधी होती. सहा फलंदाज, दोन पिचर. एकच खेळाडू दोघांच्या टीममध्ये चालेल. पहिल्या सामन्याआधी यादी द्यायची, नंतर बदल नाही. पैसे अजिबात नाहीत. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी सीझनचे आकडे उघडले आणि वरून नावं उचलली. अटलांटाचा रोनाल्ड अकुन्या (४१ होमरन, ७३ चोरलेले बेस) आणि त्याच संघाचा मॅट ओल्सन (५४ होमरन). लॉस एंजेलिस डॉजर्सचे मुकी बेट्स आणि फ्रेडी फ्रीमन. बाल्टिमोरचा ॲडली रचमन, टँपा बेचा यँडी डियाझ. पिचर म्हणून अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर आणि डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ. यादी देताना छाती फुगली होती. सगळे टॉपर!

पहिल्या दहा दिवसांतच निकाल लागला. टँपा बे दोन सामन्यांत बाहेर. सीझनमध्ये १०१ सामने जिंकलेलं बाल्टिमोर तीन सामन्यांत बाहेर. १०० जिंकलेले डॉजर्सही तीनमध्ये बाहेर, तेही फक्त ८४ जिंकलेल्या ॲरिझोनाकडून. कर्शॉने पहिल्या सामन्यात एक गडी बाद करेपर्यंत सहा धावा दिल्या. बेट्सला ११ प्रयत्नांत एकही हिट नाही. १०४ जिंकलेलं अटलांटा चार सामन्यांत बाहेर. माझ्या सहा फलंदाजांच्या संघांचे सामने मोजले: ४, ४, ३, ३, ३, २. एकूण १९.

पहिला आला तो टेक्सासहून आलेला एक सहकारी. त्याने तीन फलंदाज टेक्सास रेंजर्सचे घेतले आणि तीन फिलाडेल्फियाचे. कारण विचारलं तर म्हणाला, एक माझं घर आणि दुसरं बायकोचं माहेर. टेक्सास १७ सामने खेळून चँपियन झालं, फिलाडेल्फिया १३ खेळलं. तीन सतरे एक्कावन्न, तीन तेरे एकोणचाळीस, एकूण ९०. त्याच्या टीममधल्या ॲडोलिस गार्सियाने एकट्याने ८ होमरन मारले. मी आठ जणांना पावभाजी करून वाढली.

चूक नेमकी कुठे झाली?

भांडी घासताना विचार केला. सीझनमध्ये सगळे संघ सारखेच, १६२ सामने खेळतात. म्हणून तिथे खेळाडूची सरासरी पाहिली की काम भागतं. प्लेऑफमध्ये संघ हरला की खेळाडू घरी. म्हणून सूत्र असं हवं:

अपेक्षित गुण = एका सामन्यातले सरासरी गुण × संघाचे अपेक्षित सामने

पहिला भाग सगळे बघतात. दुसरा कोणी काढत नाही, कारण त्याला एम-थ्री लागतं.

तर आधी रचना समजून घ्या. २०२२ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ येतात, अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगचे सहा-सहा. पहिली फेरी वाइल्ड कार्डची, तीन सामन्यांची मालिका. दुसरी पाचची, तिसरी सातची आणि शेवटी दोन लीगचे विजेते वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर, तीही सातची. प्रत्येक लीगमधल्या वरच्या दोन संघांना पहिल्या फेरीत बाय मिळतो.

आता एखादा चांगला संघ धरा, प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ५५ टक्के. (सीझनमध्ये जास्त असेल, पण इथे समोरचेही तगडेच असतात.) तीन सामन्यांची मालिका तो दोन प्रकारे जिंकेल. सलग दोन जिंकून: ०.५५ × ०.५५ = ०.३०२५. किंवा मधला एक सामना हरून, याचे क्रम दोन: २ × ०.५५ × ०.५५ × ०.४५ = ०.२७२. बेरीज ०.५७५ च्या आसपास. याच पद्धतीने पाचची मालिका जिंकायची शक्यता ५९ टक्के आणि सातची ६१ टक्के येते. म्हणजे सात सामने खेळवूनसुद्धा चांगला संघ शंभरात ३९ वेळा हरतोच!

बाय मिळालेल्या या संघाला चँपियन व्हायला ०.५९ × ०.६१ × ०.६१, म्हणजे साधारण २२ टक्के. अपेक्षित सामने काढले तर ९.६. बरोबरीचा, म्हणजे ५० टक्क्यांचा संघ वाइल्ड कार्डमधून आला तर ६.७. आणि ४५ टक्क्यांचा कमजोर संघ वाइल्ड कार्डमधून आला तर जेमतेम ५.६.

आता कमजोर संघातला स्टार घ्या, सामन्याला १० गुण करणारा. त्याचे होतात ५६. बायवाल्या संघातला साधा भिडू, सामन्याला ७ गुणांचा, त्याचे ६७. साधा भिडू पुढे!

आपलेच आपल्याला बाद करतात

आता तुम्ही म्हणाल, सर, अटलांटा, डॉजर्स आणि बाल्टिमोर तिघांनाही बाय होता. मग तुमची निवड चुकली कुठे? बरोबर. सूत्राप्रमाणे ते संघ चांगलेच होते. चूक दुसरीच होती. मी तक्ताच पाहिला नव्हता.

अटलांटा आणि डॉजर्स दोघेही नॅशनल लीगचे. सगळं माझ्या मनासारखं झालं असतं तर ते तिसऱ्या फेरीत एकमेकांसमोर आले असते आणि माझे निम्मे लोक माझ्याच दुसऱ्या निम्म्यांनी घरी पाठवले असते. बाल्टिमोर आणि टँपा बेचं तर आणखी वाईट. टँपा बे पहिली फेरी जिंकलं असतं, तर दुसऱ्या फेरीत गाठ बाल्टिमोरशीच होती. म्हणजे माझ्या टीमचं नशीब कितीही जोरावर असतं, तरी वर्ल्ड सिरीजपर्यंत सगळे पोहोचणं अशक्यच होतं.

म्हणून नियम: दोनच संघ घ्या, एक अमेरिकन लीगचा आणि एक नॅशनलचा, शक्यतो दोन्ही बायवाले. त्यांची गाठ पडलीच तर थेट वर्ल्ड सिरीजमध्ये. शिवाय एकाच संघाचे लागोपाठ खेळणारे फलंदाज घेतले की एका होमरनवर दुप्पट कमाई. मारणाऱ्याचे गुण मिळतातच, पण बेसवर उभा असलेला धाव घेतो, त्याचेही मिळतात.

पिचरचं गणित वेगळं. सुरुवात करणारा पिचर रोज टाकत नाही. पाचच्या मालिकेत त्याच्या वाट्याला एक किंवा दोन सामने. त्यामुळे त्याचे सामने नाहीत, सुरुवाती मोजायच्या. एक खराब संध्याकाळ भरून काढायला त्याला वेळच मिळत नाही. माझा कर्शॉ आठवा.

दुसरा प्रयत्न

२०२४ च्या ऑक्टोबरात मी इथे रुजू झालो होतो. टीम ईमेलने पाठवली. नॅशनलमधून डॉजर्सचे ओहतानी, बेट्स, फ्रीमन, अमेरिकनमधून यँकीजचे जज, सोटो आणि टोरेस. दोन्ही संघांना बाय होता. तिकडचा रात्रीचा सामना म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास. मेसच्या पहिल्या चहाबरोबर सामना सुरू. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात दहाव्या डावात फ्रीमनने चार धावांचा होमरन मारून सामना संपवला, तेव्हा आपल्याकडे शनिवारी सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि माझे पोहे ताटात गार झाले होते.

डॉजर्स १६ सामने खेळले, यँकीज १४. तीन सोळे अठ्ठेचाळीस, तीन चौदा बेचाळीस. एकूण पुन्हा ९०! तरी मी दुसराच आलो. सीझनमध्ये ५८ होमरन मारणाऱ्या जजने १४ सामन्यांत ३ मारले आणि दुसऱ्या एकाने घेतलेल्या त्याच संघाच्या स्टँटनने ७.

इथे खरा धडा आहे. २०२३ चा विजेता गणिताने नाही, सासुरवाडीमुळे जिंकला. त्याचे दोन्ही संघ वाइल्ड कार्डवाले होते. आणि २०२४ ला मी सगळं बरोबर केलं, तरी पहिला नाही आलो. निर्णय चांगला की वाईट हे एका निकालावरून ठरत नाही. दहा-पंधरा सामन्यांत काहीही होऊ शकतं. गणित फक्त आपली बाजू थोडी जड करतं, हमी देत नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं

हे एवढं लिहायचं कारण वेगळं आहे. मी बी. ई.ला असताना माझ्या रूम पार्टनरने मेसचे पैसे एका फँटसी क्रिकेट ॲपवर लावले. मुलगा माझ्यापेक्षा हुशार. आकडे त्याला तोंडपाठ. हरला की म्हणायचा, टीम बरोबरच होती रे, पुढच्या मॅचला निघतील. गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. टीम खरंच बरोबर असायची. पण बरोबर टीमसुद्धा किती वेळा हरते, हा हिशोब त्याने केला नव्हता आणि मलाही तो करून दाखवता आला नाही, कारण युनिट ऑप्शनला टाकलेलं. दोन महिने आम्ही दोघं एका डब्यात जेवलो. घरी त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण कायद्याने ॲप बंद होतं, 'पुढच्या मॅचला निघतील' हा आवाज बंद होत नाही. तो बंद होतो वहीत २२ टक्के हा आकडा स्वतः काढल्यावर. शंभरात ७८ वेळा चांगला संघसुद्धा चँपियन होत नाही, हे एकदा स्वतःच्या पेनने लिहा. मग खेळा. हरल्यावर पावभाजी करावी लागेल, एवढंच पणाला लावून खेळा.

तर मंडळी, स्वाध्याय: सामना जिंकायची शक्यता ६० टक्के असेल तर तीन सामन्यांची मालिका जिंकायची शक्यता किती? ६४.८ टक्के आलं पाहिजे. नाही आलं तर रात्री जेवणानंतर माझ्या खोलीवर या. दार उघडंच असतं.