ड जीवनसत्त्व आणि अंडाशयाचा कर्करोग

'ड जीवनसत्त्वाने कर्करोग बरा होतो म्हणे, मग आईला त्याच्या गोळ्या सुरू करू का?' असे हल्ली बरेच जण विचारतात. यात थोडे तथ्य आहे. पण ते कुठवर, हे समजून घेतले पाहिजे.

अंडाशय म्हणजे गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या, बदामाएवढ्या दोन ग्रंथी. ओटीपोटात खोलवर असल्याने तेथील कर्करोग लवकर लक्षात येत नाही. निदान होते तेव्हा बहुतेक वेळा तो पोटात पसरलेला असतो. शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल या औषधांनी सुरुवातीला चांगला गुण येतो. परंतु पुष्कळ रुग्णांत रोग पुन्हा उलटतो आणि पुढे औषधे लागू पडेनाशी होतात. म्हणूनच नव्या औषधांचा शोध चालू आहे.

ऊन, यकृत आणि मूत्रपिंड

उन्हामुळे आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन त्याचे 'कॅल्सिट्रिऑल' बनते. खरे काम हेच करते. हाडांसाठी ते लागते हे सर्वांना ठाऊक आहे. पण १९८१ साली प्रयोगशाळेत असे दिसले की, कॅल्सिट्रिऑलमुळे रक्ताच्या व त्वचेच्या काही कर्करोगांतील पेशींची वाढ मंदावते. पुढे अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवरही असाच परिणाम आढळला. या पेशींत ड जीवनसत्त्वाला पकडणारे ग्राहक असतात. कुलुपात किल्ली बसावी तसे कॅल्सिट्रिऑल तेथे बसते आणि पेशीचे विभाजन रोखते.

अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जास्त ऊन असलेल्या भागांत या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी आढळले. अर्थात दोन प्रदेशांत उन्हाखेरीज इतरही अनेक फरक असतात. त्यामुळे हा पुरावा नव्हे, केवळ संकेत.

अडचण कुठे आहे?

पेशींवर परिणाम व्हावा एवढे कॅल्सिट्रिऑल दिले तर रक्तातील कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठता, अतिशय तहान, गोंधळलेपणा आणि मूत्रपिंडाला इजा, असा तो धोका आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत थोडा फेरफार करून त्याची भावंडे बनवली. त्यांपैकी कॅल्सिपोट्रिऑल आज सोरायसिसवर मलमाच्या रूपात वापरतात. ईबी १०८९ या दुसऱ्या संयुगाने उंदरांमध्ये मानवी अंडाशयाच्या कर्करोगाची वाढ रोखली आणि कॅल्शियमही वाढले नाही, असे २००५ साली दिसले.

पण उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा. हेच औषध स्वादुपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना दिले, तेव्हा गाठी आटल्या नाहीत. २०१८ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत २५,८७१ जण होते. सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व घेऊनही नव्याने कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नाही. अंडाशयाच्या कर्करोगावर मान्यताप्राप्त उपचार म्हणून यातील एकही संयुग आज वापरात नाही.

आपण काय करावे?

बाजारात मिळणारी ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतल्याने विषबाधा होऊ शकते. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर भरून काढावी. पण चालू असलेली केमोथेरपी सोडून गोळ्यांवर भिस्त ठेवणे म्हणजे हातचा वेळ घालवणे. रुग्ण अशा गोळ्या घेत असेल, तर तसे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. पोट सतत फुगणे, दोन घासांतच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे, या तक्रारी नव्याने सुरू होऊन महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस होत असतील, तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा खात बसू नये. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांनी आणि आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झालेल्यांनी विशेष दक्ष राहावे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. घरातली बाई स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी सांगते. तेव्हा घरच्यांनीच आधी विचारावे.