घंटीची दोरी नसलेली गाडी

एकतीस वर्षे मी एसटीत वाहक होतो. बहुतेक काळ अकोला-अमरावती मार्गावर गेला. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, कुरूम, बडनेरा. डोळे मिटलेले असले तरी गाडीच्या हेलकाव्यावरून गाव ओळखू यायचे. 2017 साली निवृत्त झालो. त्याच दिवाळीत बंगळुरूच्या मुलाने तिकिटे पाठवली आणि आम्ही दोघे नागपूरहून पहिल्यांदा विमानात बसलो. दार लागले, गाडी हलायची वेळ झाली आणि माझा हात आपोआप वर गेला. घंटीची दोरी शोधत होता. मंडळींनी तो हळूच खाली ओढला.

तेव्हापासून वीसेक खेपा झाल्या. आमच्या अकोल्याला अजून विमान नाही. शिवणीची धावपट्टी 1943 सालची, इंग्रजांच्या काळातली. ती वाढवायची म्हटले की शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा विषय निघतो. ती चर्चा ऐकता ऐकता माझी नोकरी सरली. म्हणून विमान धरायचे तर अडीचशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागे. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले आणि इमान (आमच्याकडची जुनी माणसे विमानाला हेच म्हणतात) निदान शेजारच्या जिल्ह्यात आले.

माझी एक भाची अमरावतीची. ती एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे. माझ्या शंकांना उत्तरे तिने दिली, बाकीचे मी वाहकाच्या नजरेने पाहिले. त्यातून गाठीला बांधलेल्या या दहा गोष्टी.

1. ती वाढपी नाही, वाहक आहे

पहिल्या प्रवासात मंडळींनी विचारले, "ह्या पोरी चहा वाटाले ठेवल्या का?" खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. भाचीला विचारले तर ती म्हणाली, "मामा, चहा नाही वाटला तरी विमान उडते. आम्ही नसलो तर उडत नाही." आपल्याकडे नियमच आहे: दर 50 आसनांमागे किमान एक केबिन क्रू. बेलोऱ्याला येणाऱ्या सत्तरेक आसनांच्या एटीआरला दोघे, 180 आसनांच्या विमानाला चौघे. एक जरी कमी पडला तरी भरलेले विमान जागचे हलत नाही.

एसटीतही हेच. लोकांना वाटते, वाहक म्हणजे तिकिटे फाडणारा. पण डबल घंटी दिल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही. म्हातारी पायरीवर आहे की आत आली, हे त्याला दिसत नसते, मला दिसते. आग लागली, कोणाची छाती दुखली, एखादीच्या पोटात कळा सुरू झाल्या, या सगळ्याचे शिक्षण त्या पोरींना आणि पोरांना दिलेले असते. 1930 साली अमेरिकेत या कामावर पहिली बाई नेमली, एलेन चर्च. ती शिकलेली परिचारिका होती. आपण मात्र 'हवाई सुंदरी' असा शब्द काढला आणि कामाऐवजी चेहरा बघत बसलो.

2. दारातल्या हसण्यात मोजणी चाललेली असते

दारात उभी राहून ती प्रत्येकाला नमस्कार करते. आपल्याला वाटते, शिष्टाचार. तो तर आहेच. पण त्या दोन सेकंदांत ती पाहत असते की कोणाच्या तोंडाला वास येतोय, कोण लंगडतोय, कोण घामाघूम झालाय आणि वेळ आलीच तर दार उघडायला मदत करील असा धडधाकट गडी कोणता. मीही मूर्तिजापूरच्या स्टँडवर दारात उभा राहून हेच करायचो. फरक एवढाच की मी हसत नव्हतो. आता वाटते, हसायला हवे होते. आमच्या शेजारी शेगावला संस्थानातले सेवाधारी लाखांच्या गर्दीत प्रत्येकाला 'माऊली' म्हणून वाट दाखवतात. त्यांचा आवाज चढत नाही आणि मानही झुकत नाही. सेवा करणारा लाचार नसतो, हे तिथे दिसते.

3. पहिली तीन आणि शेवटची आठ मिनिटे काही मागू नये

एकदा नागपूर जवळ आले आणि मंडळींना तहान लागली. बटण दाबले. समोर घडीच्या आसनावर पट्टा बांधून बसलेल्या मुलीने बसल्या जागीच हात हलवून 'नाही' म्हटले. मी फुरंगटलो. तिकिटाचे एवढे पैसे मोजायचे आणि घोटभर पाणी नाही!

भाचीने मला सरळ केले. विमानांचे बहुतेक अपघात उडाल्यावरच्या पहिल्या तीन आणि उतरण्याआधीच्या शेवटच्या आठ मिनिटांत होतात. तेवढा वेळ ती मुलगी रिकामी बसलेली नसते. मनात उजळणी चालू असते: काही झाले तर कोणते दार, आधी काय ओरडायचे, जवळ कोण बसले आहे.

मग मला माझेच दिवस आठवले. काही वर्षे मी मूर्तिजापूर-अचलपूर बाजूला होतो. तिथे 'शकुंतला' या छोट्या रेल्वेगाडीचे रूळ आडवे येत. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगला वाहकाने खाली उतरून दोन्हीकडे पाहायचे आणि मगच चालकाने गाडी काढायची, असा कायदाच आहे. मी रुळावर उभा असताना खिडकीतून एखादा ओरडायचा, "कंडक्टर, माहे दोन रुपये राह्यले ना!" त्याला मी जे म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखे नाही. ती मुलगी नुसता हात हलवून थांबली, हे तिचे मोठेपण.

4. पडदा वर करा म्हटले की करावा

उडताना आणि उतरताना खिडकीचा पडदा वर, पाठ सरळ, समोरचे टेबल बंद. ऊन डोळ्यावर आले की आपण कुरकुरतो. पण पडदा उघडा असला तरच बाहेर पंखाला आग आहे की धूर, हे क्रूला आणि प्रवाशाला दिसते. रात्री दिवे मंद करतात तेही डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. प्रत्येक सूचनेमागे कधीतरी कोणाचा तरी जीव गेलेला असतो. आमच्या एसटीत 'खिडकीबाहेर हात काढू नये' लिहिलेले असते, तेही कोणी हौसेने लिहिलेले नाही.

5. चव विमानात नसते, डब्यात असते

स्वस्त विमानात फुकट मिळते ते पाणी. बाकी सगळे विकत, आणि कपात गरम पाणी ओतून केलेल्या पोह्यांना आपण पोहे म्हणू नये. पण त्याचा राग ट्रॉली ढकलणाऱ्यावर काढण्यात अर्थ नाही. आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरची, आणि वर कोरडी ठणठणीत. जिभेला मीठ-साखर कमीच लागते. त्या हवेत दिवसातून चार-चार खेपा ती मुले जड ट्रॉली ओढतात. पगाराचा मोठा भाग मिळतो तो उडालेल्या तासांचा. विमान जमिनीवर अडकले की आपल्यासारखेच तेही अडकतात.

मंडळी आता पोळ्या, तिळाची चटणी आणि कोरडी भाजी बांधून घेतात. एकदा मुलीने विचारले, इडली-सांबार घेणार का? आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मंडळींनी मला कोपराने ढोसले, "इडलीवर नुसता सांबार टाकून देते काय वो?" मुलगी दक्षिणेकडची होती. मी तोडक्यामोडक्या हिंदीत समजावले, तेव्हा ती तोंडावर हात धरून हसली. परतताना 'सांबार' म्हणून हाक मारून गेली.

6. भाषा आली नाही म्हणून माणूस अडाणी होत नाही

हा धडा कडू आहे. नागपूरहून बंगळुरूला जाताना मंडळी म्हणाल्या, "बाई, जरासं पानी दे व." त्या मुलीने इंग्रजीत काहीतरी विचारले. यांना कळले नाही. तिने तेच दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, प्रत्येक वेळी जरा मोठ्याने विचारले, सहकाऱ्याकडे बघून डोळे फिरवले आणि पुढे गेली. मंडळी खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मले नाई पायजे पानी." पुढचा तासभर त्या बोलल्या नाहीत.

मी संतापलो होतो. पण त्या तासाभरात मला एक कोरकू म्हातारा आठवला. धारणीकडचा, परतवाड्याला चढलेला. त्याला मराठी धड येत नव्हते, मला कोरकू अजिबात नाही. कुठे उतरायचे ते मी तीनदा विचारले, प्रत्येक वेळी जरा मोठ्याने. गाडीतले लोक हसले, मीही हसलो. तो मध्येच कुठेतरी उतरून गेला, बहुधा त्याचे गाव यायच्या आधीच. मी डबल घंटी दिली. त्या पोरीची चूक मी पंचवीस वर्षे आधी करून बसलो होतो. आवाज वाढवल्याने भाषा कळत नाही. ग्लास दाखवला असता तरी पुरले असते, आणि मीही गावांची नावे एक-एक करून घेतली असती तर त्याने मान हलवली असती.

7. तरीही तक्रार करावी, आणि नीट करावी

स्वतःचे आठवले म्हणून मी गप्प बसलो नाही. माझ्या नोकरीत मी तक्रारी झेलल्या आहेत, त्यामुळे कोणती टिकते ते मला कळते. 'तुमचे लोक उर्मट आहेत' असे लिहिले की कागद फाइलीत जातो. तारीख, विमानाचा क्रमांक, आसन क्रमांक, काय मागितले, काय झाले, एवढेच लिहावे. विशेषणे गाळावीत. आधी कंपनीला लिहावे. दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे 'एअरसेवा' हे तक्रारीचे ठिकाण आहे. मला माफीचे पत्र आले. मी शेवटी लिहिले होते: 'मुलीला शिक्षा नको, दोन भारतीय भाषांत पाणी विचारायला शिकवा.'

आणि चांगले वागणाऱ्याचेही लिहावे. त्या 'सांबार'वाल्या मुलीबद्दल मी कंपनीला चार ओळी पाठवल्या. वाहकाच्या एकतीस वर्षांत माझ्याबद्दल असे पत्र एकदाच आले. ते अजून कपाटात आहे.

8. पिकल्या केसांचा क्रू दिसला तर निश्चिंत व्हावे

"पहिल्यासारख्या पोरी नाही राह्यल्या," असे शेजारच्या आसनावर ऐकले की मला चीड येते. एकेकाळी एअर इंडियात 35 व्या वर्षी बाईला घरी बसावे लागे. पहिले गरोदरपण आले तरी नोकरी जाई. नर्गेश मिर्झा या एअर होस्टेसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. पहिल्या पोरी तरुण दिसत त्या अशा अटींमुळे. घाटातल्या रात्रीच्या गाडीवर तुम्हाला जुना चालक हवा असतो ना? मग इथे काय वेगळे?

9. चुटकी वाजवू नये

मुंबईच्या विमानात आपल्याच भागातला एक गृहस्थ चुटकी वाजवून मुलीला बोलवत होता. दुसऱ्यांदा त्याने तिच्या बाहीला हात लावला. ती मागे सरली, शांतपणे बोलली, पण तिचा चेहरा मी ओळखला. आमच्या महिला वाहकांचा गर्दीच्या गाडीत तसाच होतो. मी म्हटले, "भाऊ, घरी पोरीले असंच बोलावता का?" तो गप्प झाला.

हे नुसत्या सभ्यतेवर सोडलेले नाही. 2017 च्या नियमांत बेशिस्त वागण्याच्या तीन पायऱ्या आहेत: तोंडाची बेशिस्त, अंगाशी झोंबणे आणि जिवाला धोका होईल असे वागणे. पहिलीला तीन महिने, दुसरीला सहा महिने, तिसरीला दोन वर्षे किंवा जास्त, इतका काळ विमानबंदी होऊ शकते. आमच्या वेळी असे काही असते तर मी तिकिटाच्या पंचाऐवजी त्या नियमांची वही खिशात ठेवली असती.

10. रुमाल टाकायची सवय स्टँडवर सोडून यावे

एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे आपल्या रक्तात आहे. म्हणून विमानाची चाके टेकली रे टेकली की टकाटक पट्टे सुटतात आणि लोक बॅगांवर तुटून पडतात. क्रू बसा बसा म्हणून सांगत राहतो. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना दुसऱ्या विमानाला धडकून पेटले. त्यातले 379 जण जिवंत बाहेर पडले. विमान जळून कोळसा झाले. क्रूने बॅगा सोडा म्हटले आणि लोकांनी सोडल्या. आपल्याकडे सोडतील का, याचे उत्तर द्यायला मला भीती वाटते.

म्हणून मी आता शेवटी उतरतो. परवा मुंबईहून बेलोऱ्याला आलो तेव्हा विमान रिकामे होईपर्यंत बसून राहिलो. मंडळी पायऱ्या उतरून पुढे गेल्या. मी उठलो आणि दाराकडे जाता जाता आसनांखाली, समोरच्या खिशांत बघत निघालो. गाडी डेपोत लावण्याआधी वाहक बघतो तसे. छत्री, पिशवी, कोणाचे औषध.

दुसऱ्या बाजूने ती मुलगीही तेच करत येत होती.

"काका, काही राहिलं का?" तिने विचारले.

"माझं नाही," मी म्हटले. "सात नंबरवर कोणाचा तरी चष्मा आहे."