श्रेयनामावलीविषयी

अंबाजोगाई

चि. बाळास,

ऊसतोड कामगारांवरील तुमच्या चित्रपटाचे शीर्षक, बोधचिन्ह आणि अखेरची श्रेयनामावली सिद्ध करण्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून समाधान वाटले. ज्या चित्रपटामागे मोठे भांडवल नाही आणि नामांकित नटही नाहीत, त्याची प्रेक्षकाशी पहिली भेट अक्षरांतूनच होते. तेव्हा या कामास दुय्यम लेखू नकोस.

1929 साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची आकृती आपली खूण म्हणून रूढ केली आणि ती दिसताच, कथानक सुरू होण्यापूर्वीच, प्रेक्षकांस संस्थेची ओळख पटू लागली. तुम्हीही शीर्षकाचे एकच वळण ठरवून भित्तिपत्रकापासून पडद्यापर्यंत तेच कायम ठेवा. आणि कमल शेडगे जसे नाटकाची प्रकृती पाहून त्याच्या शीर्षकाचे अक्षर घडवीत, तसे ते विषयातून घडू दे.

परंतु माझा खरा आग्रह नामावलीविषयी आहे. आपल्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीस जातात, मुकादमाच्या हिशेबी नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल बहुधा पुरुषाच्या नावे पडते आणि बरोबरीने राबणाऱ्या स्त्रीची दप्तरात नोंदही राहत नाही. हे दुःख मांडणाऱ्या चित्रपटानेच 'समस्त ग्रामस्थांचे आभार' अशा मोघम शब्दांवर त्यांची बोळवण केली, तर त्या अन्यायास तुमचीही मंजुरी मिळाल्यासारखे होईल. म्हणून जमावात उभे राहिलेल्या, भाकरी थापणाऱ्या, बैलगाडी देणाऱ्या प्रत्येकाचे व प्रत्येकीचे पूर्ण नाव घे, ते ज्याचे त्यास वाचून दाखव, आणि सही वा अंगठा घेऊनच यादी कायम कर.

लिहिलेले नाव वाचताही आले पाहिजे. सेकंदास 24 चौकटी धावत असता नामावली दर चौकटीस पूर्ण बिंदूंनीच सरकावी. अपूर्णांकाने सरकल्यास अक्षरे थरथरतात. 1080 बिंदू उंचीच्या चित्रात दर चौकटीस 3 बिंदू हा वेग ठेवलास, तर प्रत्येक नाव तळापासून माथ्यापर्यंत 15 सेकंद दिसेल. देवनागरीस वर वेलांटी व रफार, खाली उकार. म्हणून ओळींत मोकळे अंतर सोड आणि रेषा बारीक ठेवू नकोस. मजकुराचे विभाग पाडताना आपल्या गावच्या दासोपंतांची सुमारे 40 फुटी पासोडी स्मर. पंचीकरणाचा गहन विषय त्यांनी कापडावर ओव्या व आकृत्या यांच्या मांडणीने उलगडला आहे.

वेळ वाचविण्यासाठी नामावली आटोपती घे, असे तुला सांगण्यात येईल. तेव्हा आश्रयदात्यांची चिन्हे लहान कर, पण कष्टकऱ्याचे एकही नाव गाळू नकोस. आणि गावात खेळ लावाल तेव्हा शेवटचे नाव जाईपर्यंत दिवे न लावण्याची सक्त ताकीद आगाऊ देऊन ठेव.

तुझा,
मामा