घुबडाच्या गोळीतील हाडांची ओळख

कुरुळी-चाकण परिसरात कारखाने वाढले, तरी उरलेल्या शेतांत उंदरांचा उपद्रव चालूच आहे. या उंदरांवर रात्री पहारा ठेवणारा पक्षी म्हणजे गव्हाणी घुबड. त्याला अशुभ समजून हुसकावण्यापूर्वी त्याने काय खाल्ले ते पाहावे. पुरावा त्याच्या बसण्याच्या जागेखालीच पडलेला असतो.

घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळते. मांस पचते, केस व हाडे पचत नाहीत. त्यांची गोळी बनून ती तोंडावाटे बाहेर पडते. अर्थात ही विष्ठा नव्हे. जुने वाडे व पडक्या इमारती यांत अशा गोळ्या सापडतात.

तपासणीची रीत : हातमोजे घालून व नाकातोंडास फडके बांधून गोळ्या वेचाव्यात. त्या कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने केस सोडवावेत. कवट्या व खालचे जबडे निराळे ठेवावेत. शेवटी हात साबणाने धुवावेत.

ओळख : (१) पुढे पटाशीसारखे दात, मग मोकळी जागा व त्यामागे दाढा असल्यास तो उंदीर जाणावा. (२) वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच दिसल्यास तो शेपटीस केसांचा झुबका असलेला जर्बिल उंदीर होय. (३) मध्ये मोकळी जागा न सोडता अणकुचीदार दातांची सलग रांग असल्यास ती चिचुंदरी. चिचुंदरी उंदरांच्या वर्गातील नव्हे. ती मुख्यतः किडे खाते. तिची गणना उंदरांत करू नये.

मोजणी : कवट्या, डावे जबडे व उजवे जबडे वेगवेगळे मोजावेत. समजा, कवट्या ३, डावे जबडे ४ व उजवे ३ निघाले, तर निदान ४ उंदीर खाल्ले गेले. मात्र यावरून शेतात एकूण किती उंदीर आहेत हे ठरत नाही. त्यासाठी ताजी बिळे मोजावीत.

ब्रोमाडिओलोनसारखे विष उंदराच्या शरीरात राहते व तो उंदीर खाणाऱ्या घुबडासही बाधते. म्हणून विष जरुरीपुरतेच वापरावे व मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घुबडास संरक्षण आहे.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही हाडे पांढऱ्या कागदावर मांडून शेतकऱ्यांस दाखवावीत. घुबड आपले वैरी की राखणदार, याचा निवाडा ती हाडेच करतील.